फाटकाजवळचा फ्रीझर

किलब्रायमध्ये मर्डो स्ट्रँगचे घर कोणी विचारले तर लोक घराची खूण सांगत नसत, फ्रीझरची सांगत. पूल ओलांडून डावीकडे वळा, मेंढ्यांचे दोन गोठे गेले की रस्त्याला लागून पत्र्याच्या छपराखाली पांढरा मोठा फ्रीझर दिसेल, तेच घर. त्या फ्रीझरला कुलूप नव्हते. झाकणाच्या दांडीला सुतळीने एक पेन्सिल बांधलेली होती आणि बाजूच्या खिळ्याला पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या लटकत होत्या. डोंगरात मारलेल्या हरणाचे डोके असो, रानडुक्कर असो, नदीत धरलेला ट्राउट असो, ज्याला जे कायमचे भिंतीवर लावायचे असेल त्याने ते आणून आत ठेवायचे. चिठ्ठीवर आपले नाव लिहायचे, मान डावीकडे वळलेली हवी की उजवीकडे तेही लिहायचे, आणि झाकण नीट दाबून निघून जायचे. वर्षभराने मर्डोचा फोन येई, "झालंय. घेऊन जा."

त्या रस्त्यावर अंडी अशीच विकली जात, मधही असाच. टेबलावर माल, शेजारी पैशांचा डबा, माणूस कोणी नाही. त्यामुळे बिनकुलपाच्या फ्रीझरचे कोणाला नवल वाटत नसे.

ही व्यवस्था मर्डोच्या बायकोने, एनिडने, बत्तीस वर्षांपूर्वी लावली होती. एप्रिलच्या सुमारास, तिकडचा उन्हाळा सरला की, नर हरणे माद्यांसाठी रानात डुरकू लागत आणि सगळे गाव बंदुका घेऊन डोंगरात शिरे. मग शिकारी वेळी-अवेळी दारात उभे राहत, बुटांचा चिखल घरभर करत, चहा पीत, आणि कालचाच डोंगर पुन्हा पहिल्यापासून चढून दाखवत. "जनावर बिचारं गप्प असतं, मारणारा गप्प बसत नाही," एनिड म्हणायची. एक दिवस तिने घरातला जुना फ्रीझर ओढत फाटकाशी नेला. तो मोडल्यावर दुसरा आला, मग तिसरा. एनिडला जाऊन आता नऊ वर्षे झाली होती.

मर्डोला ही सोय पहिल्यापासून आवडली, कारण तो बुजरा माणूस होता. समोर उभ्या असलेल्या माणसाला नकार देणे त्याला कधी जमले नाही. शब्द तोंडापर्यंत येत आणि तिथेच विरघळत. फ्रीझर आल्यावर कोणाला हो म्हणायचे कामच उरले नाही. पण मग नाही म्हणायची संधीही आपल्याला कधी मिळणार नाही, हे त्याच्या लक्षात यायला बरीच वर्षे गेली.

लोक त्याच्या कामाला पेंढा भरणे म्हणत. पेंढा त्याने उभ्या आयुष्यात भरला नव्हता. आत फोमचा साचा असे. डोक्याचे कातडे उतरवून कमावायला क्राइस्टचर्चला पाठवायचे, ते यायला चार-पाच महिने. आले की साच्यावर ओढून शिवायचे, काचेचे डोळे बसवायचे, पापणीला आतून माती लावून नजर आणायची, ओठांची कड आत खोचायची, कानांना आकार द्यायचा, टाचण्या लावायच्या आणि वाळेपर्यंत रोज बघत राहायचे, कारण कातडे वाळताना ओढले जाते आणि शांत हरीण बघता बघता घाबरलेले दिसू लागते. माशाचे आणखी वेगळे. ट्राउटचा रंग तो मेल्यावर तासाभरातच जातो. वाळलेले कातडे मळक्या कागदासारखे दिसते. त्यावरचा ठिपकान् ठिपका मर्डो ब्रशाने पुन्हा काढत असे.

एक डोके असे वर्ष खाई, आणि वर्ष संपायच्या आत पुढचा एप्रिल येई. एप्रिल आवरेपर्यंत मे महिन्यात बदकांची शिकार. एनिड असताना ती दोघे दरवर्षी म्हणत, या खेपेचे संपले की कुठेतरी जाऊ. या खेपेचे कधी संपले नाही. चार वर्षांपूर्वी मर्डो नेल्सनला गेला होता, मेहुण्याच्या अंत्यविधीला, चार दिवस. परत आला तेव्हा फ्रीझरमध्ये अकरा नवीन गोष्टी होत्या. त्यात एक अख्खे रानडुक्कर होते, दुमडून घातलेले, आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, ‘घाई नाही.’

तो बोलत नाही याचा लोकांना तसा त्रास नव्हता. उलट फायदाच होता. शिकारी मंडळाच्या हॉलमध्ये, दारासमोरच, मंडळाचा अध्यक्ष लॅक्लन मकरे याच्या, शिंगांना बारा फाटे असलेल्या हरणाचे डोके लावले होते. लॅक्लनने ते जनावर मारल्यावर घाईत त्याचा गळाच उभा चिरला होता. डोके भिंतीवर लावायचे असेल तर गळ्याला सुरी लावायची नसते, हे गावात शाळेतल्या पोरालाही ठाऊक. कातडे वाया गेले होते. मर्डोने फ्रीझरमधल्या, शिंगे कोणालाच नको असलेल्या दुसऱ्या एका हरणाचे कातडे घेऊन लॅक्लनच्या हरणाची शिंगे त्यावर बसवली. लॅक्लन अजून येईल त्या पाहुण्याला त्या मानेवरून हात फिरवायला लावी आणि म्हणे, "बघ, काय मान आहे. असला नर पुन्हा व्हायचा नाही." मर्डो शेजारी उभा असला तरी आपल्या चहाकडे बघत राही.

मर्डोची थोरली बहीण आयला नेल्सनला राहायची. वय शहात्तर, गुडघे गेलेले, नवरा गेल्यापासून मोठ्या घरात एकटी. दर रविवारी दुपारी जेवण झाले की तिचा फोन येई. गेल्या नाताळनंतर तिने विषय काढला.

"मागची खोली रिकामी आहे. ऊन दिवसभर असतं. तू ये इकडे."

"येतो की."

"भेटायला नाही म्हणत मी. राहायला ये. आता वय झालं तुझं, हात किती दिवस चालणारेत?"

मर्डोने आपल्या हाताकडे पाहिले. उजवा अंगठा थंडीत वळत नसे. आयला पुढे म्हणाली, "तू नाही आलास तर हे घर मला एकटीला झेपत नाही. वृद्धांच्या वसाहतीत एक खोली बघून ठेवलीय. एकाच माणसापुरती. मेअखेरपर्यंत त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवलीय, पुढे नाही. तू आलास तर आपण दोघं इथेच राहू. नाही तर मी घर विकून तिकडे जाते. मला काहीही चालेल, मर्डो, पण काय ते सांग."

"येतो," मर्डो म्हणाला. "हातातलं संपवून येतो."

"किती आहे हातात?"

"एकोणीस. कातडी सगळी कमावून आलीत."

"आणि नवीन घेणार नाहीस."

"नाही."

फोनवर नाही म्हणणे त्याला जमले, कारण ते आयलाला म्हणायचे होते, बाकीच्यांना नव्हे.

फेब्रुवारी आणि मार्च त्याने जसे काम केले तसे तरुणपणीही केले नव्हते. सकाळी आठला घरामागच्या कामाच्या शेडमध्ये शिरे तो अंधार पडल्यावरच बाहेर येई. दर रविवारी आयला विचारी, "किती राहिलं?" चौदा. अकरा. सात. आकडा सांगताना त्याला शाळकरी मुलासारखा अभिमान वाटे. तिने खोलीला नवे पडदे शिवले. त्याने स्वतःला लागणाऱ्या चार पुस्तकांचे आणि एनिडच्या फोटोचे खोके बांधून दाराशी ठेवले. घराला गिऱ्हाईक बघायलाही त्याने शहरातल्या एका दलालाशी हळूच बोलून ठेवले होते. गावात कोणाला काही सांगितले नाही. सांगू, असे तो रोज ठरवी.

मार्चच्या अखेरीस दोन डोकी आणि एक ट्राउट उरला. डोंगरातून पहिली डुरकणी ऐकू येऊ लागली होती. आता फ्रीझर बंद करायलाच हवा होता. एका सकाळी मर्डोने तळाशी राहिलेला तो ट्राउट काढून शेडमध्ये नेला, फ्रीझरची वायर ओढली, बर्फ वितळू दिला, आत कोमट पाण्याने धुतले आणि वास राहू नये म्हणून झाकणाखाली काठी लावून ते उघडे ठेवले. पांढरा, कोरडा, रिकामा तळ. तो बराच वेळ त्यात वाकून बघत राहिला.

मग तो पाटी लिहायला बसला. पहिल्या पाटीत त्याने सगळे लिहिले: बहीण, गुडघे, अंगठा, बत्तीस वर्षांचे आभार. वाचून त्यालाच लाज वाटली. एवढी स्वतःची कहाणी रस्त्यावर कोण टांगतो? दुसरीवर लिहिले, ‘यापुढे काम घेतले जाणार नाही.’ ते त्याला पोलीस ठाण्यातल्या सूचनेसारखे वाटले. लोक म्हणतील, मर्डोला शिंगं फुटली. तिसरी त्याने लिहिलीच नाही. काठी लावलेले उघडे झाकण जाता-येता सगळ्यांना दिसेल, त्यातून कळेल काय ते, असे त्याने स्वतःला समजावले आणि तो चहा ठेवायला आत गेला.

कळले सगळ्यांना. पण काय कळले ते त्याला चार दिवसांनी कळले. तो दुकानात पाव आणायला गेला होता. दुकान नोलीन बक्स्टनचे. ती चीज रोलवर लोणी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा फ्रीझर गेला म्हणे."

मर्डोला वाटले, हीच वेळ. "गेला नाही," तो म्हणाला, "म्हणजे, मी जरा..."

"गेलाच की रे. झाकण उघडं टाकून काठी लावलीयस, अख्खा रस्ता बघतोय. तेवीस वर्षं चालला, आणखी किती चालणार? आमच्या ह्यांच्यापेक्षा जास्त चालला."

"नोलीन, माझं म्हणणं असं की..."

"तू काही म्हणू नकोस. तुझ्या तोंडून मागणं निघायचं नाही ते मला माहितीय. एनिडच्या वेळेपासून बघतेय मी. घे, गरम आहे, जाता जाता खा." तिने चीज रोल कागदात गुंडाळून त्याच्या हातात कोंबला. मागे दोन माणसे उभी होती. मर्डो पाव घेऊन बाहेर आला. रोल खरेच गरम होता.

त्यानंतर तो भेटेल त्याच्या तोंडी एकच ऐकू लागला. पेट्रोल भरताना कोणीतरी म्हणाले, "माझं डोकं माझ्याच फ्रीझरमध्ये ठेवलंय, काळजी करू नकोस. बायको आइस्क्रीम शोधायला गेली आणि किंचाळली." पोस्टात दुसरा म्हणाला, "आम्ही थांबलोय तुझ्यासाठी, म्हाताऱ्या. दुसऱ्या कोणाकडे देणार नाही." मर्डो मान हलवी. घरी येऊन तो आरशासमोर उभा राही आणि मोठ्याने म्हणे, "मी बंद करतोय. मी नेल्सनला चाललोय." आरशात ते अगदी सोपे होते.

पंधरा एप्रिलला, शनिवारी, शेवटच्या ट्राउटच्या शेपटीवर ठिपके काढत असताना त्याला बाहेर ट्रेलरचा आवाज आला. मग दुसऱ्या गाडीचा, मग तिसऱ्या. हातात ब्रश तसाच घेऊन तो बाहेर गेला. लॅक्लनच्या ट्रेलरवर एक नवा कोरा फ्रीझर होता, कोपऱ्यांना अजून थर्माकोल लागलेला. जुन्याच्या दुप्पट लांब. मंडळाची दहा-बारा माणसे, नोलीन, आणि वायरिंगचे काम करणारा रावीरी आपली हत्यारांची पेटी घेऊन.

"भाषण करणार नाही," लॅक्लन म्हणाला.

"देवाचे उपकार," मागून कोणीतरी म्हणाले.

"एवढंच सांगतो, की मंडळाने दोन शनिवार हॉलसमोर सॉसेज भाजून विकले आणि तिकिटं लावून मटणाची सोडत काढली. गावातलं एकही घर पैसे दिल्यावाचून राहिलं नाही. या माणसाने आजवर आपल्याकडे काही मागितलं नाही. म्हणून आपणच द्यायचं ठरवलं. संपलं."

"हे भाषणच झालं," रावीरी म्हणाला. तो आधीच जुन्या फ्रीझरच्या मागे वाकला होता. "मर्डो, वायर तर ठीक दिसतेय रे. आतली मोटार गेली असणार. जाऊ दे, आता कशाला बघायचं." त्याने जुना फ्रीझर चौघांच्या हाती दिला, त्यांनी तो ट्रेलरवर चढवला, आणि नवा छपराखाली सरकवला. छप्पर अपुरे पडत होते. लॅक्लन म्हणाला, पुढच्या आठवड्यात पत्रा वाढवून देतो.

मर्डोच्या ब्रशावरचा रंग वाळून गेला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. नोलीनचे डोळे ओले होते. तो म्हणाला, आणि या वेळी शब्द खरोखर बाहेर आले, "मी नेल्सनला जाणार आहे. बहिणीकडे."

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. मग लॅक्लनचा चेहरा उजळला.

"अरे मग जा की. बत्तीस वर्षांत सुट्टी घेतली नाहीस तू. महिनाभर जा. याच्यात किती मावतं बघितलंस ना? तू येईपर्यंत सगळं जसंच्या तसं राहील. आता तुला घाई करायचं कारणच नाही."

"महिना काय, दोन महिने जा," रावीरी म्हणाला. "कुठे पळून जाणारेत हरणं?"

सगळे हसले. मर्डोही हसला. आपण हसतो आहोत हे त्याला हसून झाल्यावर कळले. जे सांगायचे ते सांगून झाले होते. तेच पुन्हा, दुसऱ्या शब्दांत, या हसणाऱ्या तोंडांसमोर सांगायचे, म्हणजे त्यांनी दिलेली वस्तू त्यांच्याच ट्रेलरवर परत चढवायला सांगायचे. ते त्याच्याच्याने होणार नव्हते.

रावीरीने बटण दाबले. फ्रीझर गुणगुणू लागला. संध्याकाळपर्यंत गावभरच्या फ्रीझरमधली डोकी त्यात येऊन पडली. लोक पिशव्या घेऊन येत, खिडकीतून त्याला हात करत, चिठ्ठी लिहीत, झाकण दाबत. शेवटची गाडी गेल्यावर मर्डोने बाहेर जाऊन मोजले. तेवीस. लॅक्लनच्याही एका डोक्याचा त्यात समावेश होता. त्याने पुन्हा गळा चिरला होता.

मर्डो वायरपाशी वाकला. प्लग हाताला लागत होता. पण आता तो रिकामा फ्रीझर नव्हता. त्यात शेजाऱ्यांच्या वर्षभराच्या गोष्टी होत्या, कोणाच्या जावयाचे पहिले हरीण, कोणाचे बहुधा शेवटचे. तो तसाच उठला आणि गुडघे झटकून आत गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. आयलाचा फोन दोन वाजता आला.

"किती राहिलं?" ती म्हणाली. गेल्या रविवारी तो ‘एक’ म्हणाला होता, त्यामुळे तिच्या आवाजात हसू होते.

मर्डोने सगळे सांगितले. सॉसेज, सोडत, रावीरी, सगळे. त्याला वाटले, ती चिडेल. चिडली असती तर बरे झाले असते.

"तेवीस," ती म्हणाली.

"हो."

"आणि मेमध्ये बदकं."

मर्डोने दाराशी बांधून ठेवलेल्या खोक्याकडे पाहिले.

"तू त्यांना सांगितलंस का, की कायमचा जातोयस?"

"सांगितलं. म्हणजे, जातो म्हणालो."

"कायमचा म्हणालास?"

"नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मर्डो, मी लहानपणापासून तुला ओळखते. मला तुझा राग नाही येत. पण मी थांबू शकत नाही. गेल्या आठवड्यात जिन्यावरून पडता पडता वाचले. उद्या मी सही करते त्या खोलीसाठी." फोन ठेवण्याआधी तिने विचारले, "पडद्यांचं माप तुझ्या खिडक्यांना येईल का? पाठवून देते."

"पाठव," मर्डो म्हणाला.

सोमवारी तो दुकानात गेला. नोलीन एकटीच होती. तिने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि हातातले फडके खाली ठेवले.

"काय झालं रे? कोण गेलं?"

कदाचित आता राखायचे काही उरले नव्हते म्हणून असेल, मर्डोने तिला सांगून टाकले. अडखळत नाही, अगदी सरळ. एकोणीस गोष्टी, मेअखेर, रिकामा करून धुतलेला फ्रीझर, दाराशी बांधून ठेवलेले खोके, एकाच माणसापुरती खोली. पाच मिनिटांत सगळे संपले. एवढेच होते ते.

नोलीन स्टुलावर बसली. "मोडला नव्हता तो?"

"नाही."

"तू बंद केला होतास."

"हो."

"अरे मग बोलायचंस ना बाबा." तिचा आवाज चढला. "आम्ही काय दरोडेखोर आहोत? सॉसेज काय, तुला निरोप द्यायलाही भाजले असते. लॅक्लनने तुला गाडीत घालून नेल्सनपर्यंत सोडलं असतं. चार दिवस रडलो असतो आणि मग दुसरा कोणीतरी शोधला असता. तू मोकळा झाला असतास." ती उठली. "मी आत्ता फोन करते सगळ्यांना. आपापली डोकी उचलून न्या म्हणते. तिची सही झाली का?"

मर्डोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. अकरा वाजून गेले होते. "साडेनऊला झाली. मला फोन करून सांगितलं तिने. घरालाही गिऱ्हाईक आहे तिच्या."

नोलीन फोनपाशी उभी राहिली. मग हात खाली घेतला. दुकानाबाहेर एक गाडी थांबली, तिच्या मागच्या हौद्यात ताडपत्रीखालून शिंगांची टोके दिसत होती. गाडीवाल्याने काचेतून मर्डोला अंगठा दाखवला आणि फाटकाच्या दिशेने बोट केले. मर्डोने मान हलवली.

"आता काय देऊ तुला?" नोलीनने विचारले. तिला बहुधा दुसरे काहीतरी विचारायचे होते.

"कातड्यांना लावायचं मीठ," मर्डो म्हणाला. "दोन पोती."

"दरवर्षी एक नेतोस."

"यंदा दोन लागतील."

तिने मागून पोती आणली. एक त्याने उचलले, दुसरे तिने उचलले, आणि त्याच्या गाडीपर्यंत ती त्याच्या मागून चालत गेली.